न तपासता

भिंगारमधल्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने देण्याआधी मालकांनी आमच्या लग्नाचा पुरावा मागितला होता. ह्यांची नगरला नवी नोकरी, बरोबर वडीलधारं कुणी नाही, आणि आम्ही दोघं एक ट्रंक नि एक वळकटी घेऊन दारात उभे. मालक ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी आधी ह्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंगळसूत्र काय, बाजारात बी मिळतंय. नवरा-बायको हाय हे कशावरून?"

ह्यांचे कान लाल झाले. मला मात्र हसू आलं, कारण आईने ट्रंकेच्या तळाशी रद्दीऐवजी उरलेल्या लग्नपत्रिका अंथरल्या होत्या. मी तिथेच ओट्यावर ट्रंक उघडून एक काढून दिली. मालकांनी चष्मा चढवला आणि पत्रिका वाचायला घेतली. गणपतीपासून ते 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत एक अक्षर सोडलं नाही.

"पत्रिकेत नाव वत्सला हाय. हे तर तुमाला मृणाल म्हनतेत."

"लग्नात बदललं," मी म्हणाले.

"मग बरोबर," मालक म्हणाले आणि त्यांनी कनवटीची किल्ली काढून ह्यांच्या हातावर ठेवली.

इतका संशयी माणूस, पण दोन नावांचा त्यांना संशय आला नाही. आपल्याकडे तो कुणालाच येत नाही. एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं, पुढे लागणार आहे.

मालकांचं मूळ गाव पाथर्डीच्या बाजूला. तिथली कोरडवाहू जमीन भावांवर सोपवून ते भिंगारला आले आणि मिलिटरीच्या एका स्टोअरमध्ये कारकून म्हणून उभा जन्म त्यांनी तंबू, घमेली आणि बुटांचे जोड तपासण्यात घालवला. आलेला माल उघडून पाहिला तर कागदावर 'तपासून घेतले' आणि पाहायला सवड नसेल तर 'न तपासता घेतले' असं लिहून सही करायची, ही म्हणे तिथली रीत. 'न तपासता' लिहिलं की उद्या माल कमी निघाला तरी सही करणारा मोकळा. निवृत्त होताना मालक ही रीत घरी घेऊन आले. दुधवाल्याच्या कार्डावर 'न तपासता', देवळाच्या वर्गणीच्या पावतीवर 'न तपासता'. पूर्वी तर मुलीच्या प्रगतिपुस्तकावरही पालकाच्या सहीखाली तेच असायचं, त्यावरून शाळेत मुली चिडवायच्या, असं कमलनेच मला सांगितलं. कमल ही त्यांची एकुलती एक लेक. तिची आई ती लहान असतानाच गेली होती आणि घर तीच चालवायची.

देवापुढे निरांजन लावून मालक उंबऱ्यापर्यंत जात आणि मागे वळून बघत. कशाला, असं मी एकदा विचारलं. "उंदीर वात पळवतेत," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा उंदरावर संशय असल्यासारखा वाटला नाही. त्या घरात राहून तो रोग मलाही लागला. दूध घेतलं की मी वास घ्यायला लागले, आणि ह्यांना कचेरीतून यायला उशीर झाला की सदऱ्याचाही.

आम्ही राहायला गेलो त्याच उन्हाळ्यात कमलचं लग्न झालं. मुलगा लांबच्या नात्यातला. पुण्याला इंजिनियर होऊन अमेरिकेला शिकायला गेलेला आणि तिथेच नोकरीला चिकटलेला. रजा काढून आला, मुलगी पाहिली आणि महिना उलटायच्या आत लग्न करून परत गेला. लग्नात फोटोग्राफर नव्हता. ठरलेला होता, पण हळदीच्या दिवशी मालकांनी त्याला हाकलून दिलं. नगरच्या त्याच्या दुकानात काचेमागे कुणाच्या तरी नवरीचा फोटो लावलेला त्यांनी पाहिला होता. "माझी पोरगी काय दुकानात मांडायची हाय?" एवढंच ते म्हणाले.

मी त्या लग्नात करवलीसारखी मिरवले. संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले आणि जावयाने अंगठीने नवं नाव लिहिलं, अनुराधा. नाव सासूबाईंनी निवडलेलं. सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी ते तांदूळ आमच्याच पंक्तीच्या भातात गेले. कमलला अनुराधा म्हणून हाक मारायला मात्र कुणी उरलंच नाही, कारण हाक मारणारा विमानात बसून गेला होता. भिंगारमध्ये ती कमलच राहिली.

"नंबर लागला की बोलावतो," असं तो सांगून गेला होता. हा नंबर काय असतो ते त्याच्या पत्रांतून हळूहळू कळत गेलं. अमेरिकेत कायमचं राहायचं तर परवाना लागतो. दर देशाला दर वर्षी ठरावीकच परवाने, आणि हिंदुस्थानातून इंजिनियर-डॉक्टरांची ही गर्दी. त्यामुळे आधी नोकरीच्या रांगेत त्याचा स्वतःचा नंबर लागायचा, मग त्याच्या मागून कुटुंब म्हणून कमलचा. आणि मधे त्याने देश सोडला तर अर्ज बाद, म्हणून त्याला भेटायलाही येता येत नव्हतं.

मालकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

"ज्यांनी चंद्रावर मानूस धाडला, त्यांना एक पोरगी न्यायला वर्सानुवर्सं लागतेत? आन ह्याला यायला बी येत न्हाई. कोन आडवतंय त्याला? अमेरिका, का आनखी कोन?"

त्याच वर्षी युद्ध झालं. भिंगारमध्ये खिडक्यांना काळे कागद लागले आणि अमेरिकेने आपल्यावर आरमार धाडल्याची बातमी रेडिओवर आली. मालक कागद लावलेल्या खिडकीशी बसून म्हणाले, "झालं. आता आरमार परत जाईल तवा नंबर लागंल." कमल चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली आणि ती उगीचच परसात गेली.

जावयाच्या पत्रांची त्यांनी स्टोअरच्या मालासारखी तपासणी चालवली. पत्र कमलचं, तेव्हा ते वाचत नसत, तेवढी रीत पाळत. पण तिला वाचून दाखवायला लावत आणि मधेच थांबवत. होळीच्या पत्रात जावयाने लिहिलं होतं की मित्रांना जेवायला बोलावलं आणि पुरणपोळी केली. मालकांनी हात वर केला.

"पुरन कुनी वाटलं?"

"लिहिलं नाही, आप्पा."

"बाप्या मानूस चपाती लाटंल एकवेळ. पुरन वाटंल? पाटा हाय का तिथं? पुस त्याला, पुरन कोन वाटतं."

कमलने ते काही विचारलं नाही. मालक मात्र आमच्या ओट्यावर येऊन तोच प्रश्न मला विचारत राहिले. पुढे जावयाने त्याच्या खोलीचा फोटो पाठवला, त्यात खिडकीला फुलाफुलांचे पडदे होते. मालकांनी भिंग आणलं. पडद्याला झालर होती. "झालर," ते मला म्हणाले, "बाप्याच्या ध्यानात येती का कधी?" खरं सांगते, तेव्हा मलाही वाटलं, येत नाही.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. रात्रीपासून हंड्यांची रांग लागायची. ज्याचा हंडा त्याचा नंबर, माणसाने उभं राहायची गरज नाही. मालकांनी आपल्या हंड्याला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला होता आणि तरीही ते रांगेशेजारी पायरीवर पहाटेपासून बसून असत. एकदा ते चहा प्यायला आत गेले आणि परत आले तर पट्ट्याचा हंडा मागे सरकलेला. कुणी सरकवला ते कुणी सांगेना. मालकांनी सगळी रांग मोडायला लावली आणि कोण केव्हा आलं हे एकेकाला विचारून पुन्हा लावली. तोवर नळ गेला. बायका त्यांना काय काय बोलल्या ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिथेही तेच. मूठभर दाणे तळहातावर घेऊन ते निरखून पाहत. "जनावराचं खानं दिलं आपल्याला. हीच ती अमेरिका. ही खरं बोलंल?"

त्या नळाच्या दिवसांतच त्यांच्या डोक्यात शेवटची शंका शिरली. आमच्या दारात हंडा टेकवून ते म्हणाले, "बाई, एक सांगतो. नंबर मागं सरकतोय, कोटा हाय, हे समदं मी इतके दिस ऐकून घेतलं. पन रांगंत हंडा ठेवलेलाच नसंल तर? त्यानं अर्जच केला नसंल तर?"

हे भिंतीपलीकडे कमलने ऐकलं. दुपारी ती माझ्याकडे निवडायला म्हणून ताट घेऊन आली. ताटात तीच लाल ज्वारी होती. बराच वेळ ती खडे काढत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं? खरंच असतो का असा नंबर?"

"असतोच की. ह्यांच्या साहेबांचा भाऊ डॉक्टर आहे, त्यालाही..."

"मी त्यांना पुरते तीन आठवडेसुद्धा ओळखत नव्हते. आता तर चेहरा आठवायला स्थळाबरोबर आलेला त्यांचा फोटो बाहेर काढावा लागतो. पहिल्या वर्षी बायका विचारायच्या, कधी जाणार. आता विचारत नाहीत. तेच जास्त लागतं." तिने एक खडा बाजूला टाकला. "आप्पा म्हणतात, दिवाळीपर्यंत वाट बघायची आणि मग वकिलाकडे जायचं. सोडचिठ्ठी घ्यायची."

मी तिच्या ताटातले खडे काढू लागले.

दिवाळी यायची होती आणि मुंबईहून वकिलातीचं बोलावणं आलं. नंबर लागला होता. भिंगारमध्ये ही बातमी पसरायच्या आत मालक पोस्टात जाऊन लिफाफ्यावरचा शिक्का खरा आहे का ते विचारून आले. मुंबईला बाईमाणूस सोबत हवं म्हणून मला बरोबर घेतलं. उतरायला माझ्या मावशीचं घर होतं. एस.टी.त मालक कागदांची पिशवी पोटाशी धरून बसले होते. पुण्याच्या स्टँडवरही ती खाली ठेवली नाही, भजी एका हाताने खाल्ली.

वकिलातीत गोरा अधिकारी होता आणि शेजारी मराठी बोलणारे एक दुभाषी. कमल पुढे, आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर. अधिकाऱ्याने कागद पाहिले, पुन्हा पाहिले आणि दोन ढीग केले. दुभाष्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, आम्ही एका मुलीचे कागद मागवले होते, तुम्ही दोन मुलींचे आणलेत. शाळेच्या दाखल्यावर कमल आहे. पासपोर्टवर आणि नवऱ्याच्या अर्जात अनुराधा."

कमलने सांगितलं, लग्नात नाव बदललं.

"साहेबांना ते माहीत आहे. पण नात्यातल्या एका मुलीचं लग्न आणि जाते दुसरीच, असंही इथे झालंय. लग्नाचे फोटो आहेत का?"

कमलने मागे वळून पाहिलं. मालक खाली बघत होते.

"लग्नाची नोंद? नाही? मग हे नवं नाव लग्नात कुठे लिहिलं होतं?"

"तांदळात," मालक मागून म्हणाले.

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

"ते तांदूळ कुठे आहेत, असं विचारतात."

"खाल्ले," मालक म्हणाले.

अधिकारी हसला नाही. त्याने सांगितलं ते असं. वडिलांनी मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर लिहून द्यावं की कमल आणि अनुराधा एकच, आणि हे लग्न खरं असून नांदण्यासाठी झालेलं आहे याची आपल्याला खात्री आहे. लग्नाला हजर असलेल्या दोघांच्या साक्षी हव्यात. आणि हे सगळं महिना संपायच्या आत. या महिन्याचा नंबर या महिन्यात वापरला नाही तर तो दुसऱ्याला जातो, पुन्हा कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही.

मालक उठून पुढे गेले. "सायबाला एक पुसा. आमच्या जावयानं अर्ज कधी केला?"

दुभाषी विचारून म्हणाले, "तो त्यांचा खाजगी कागद. साहेब सांगणार नाहीत."

बाहेर फुटपाथवर आल्यावर कमलच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, मालक आता अमेरिकेला शिव्या घालतील. ते पिशवी पोटाशी धरून उभे होते. "मानूस कामाचा हाय," ते म्हणाले. "आमच्या स्टोअरात असता तर सुई हालली नसती." मग थोड्या वेळाने, "फोटोवाल्याला मी घालवला," असं म्हणाले आणि मावशीच्या घराकडे चालू लागले.

महिना संपत आला होता. नगरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्याने मजकूर तयार केला. माझी आणि ह्यांची साक्ष झाली. आम्ही ज्यांना लग्नपत्रिका दाखवून घरात शिरलो, त्यांच्या लेकीचं लग्न झालं होतं असं आता आम्हीच सांगत होतो. मला त्याचं हसू आलं, पण ह्यांनी डोळे वटारले. मग मॅजिस्ट्रेटनी मालकांना पुढे बोलावलं आणि मजकूर मोठ्याने वाचला. "...हे लग्न खरे असून पतिपत्नीने नांदावे या हेतूने झाले आहे, याची मला पूर्ण खात्री आहे. बरोबर आहे?"

मालक त्या कागदाकडे बघत राहिले.

"आजोबा, बरोबर आहे ना? खात्री आहे?"

"सायेब, 'खात्री' ह्या शब्दाबिगर न्हाई का लिवता येनार?"

"वकिलातीने तसंच मागितलंय. खात्री नसेल तर सही करू नका. शपथेचं काम आहे."

ह्या माणसाने दीड वर्ष साऱ्या भिंगारला सांगितलं होतं की जावई खोटा आहे. त्यांनी दाणे तपासल्याशिवाय ज्वारी घेतली नव्हती, आणि इथे शपथेवर सांगायचं की खात्री आहे. ते नाही म्हणाले असते तर नंबर गेला असता, आणि कमल त्या घरात राहून म्हातारी झाली असती. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

मालक वळले. कमल भिंतीशी उभी होती. सगळ्या कोर्टासमोर त्यांनी तिला विचारलं, "तुझी हाय का खात्री?"

कमलने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "न्हाई, आप्पा," ती म्हणाली. एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलणारी कमल त्या दिवशी त्यांच्यासारखं बोलली. "पन मला जायचंय."

मालकांनी मान हलवली. ते पुन्हा टेबलाकडे वळले. "हाय म्हना, सायेब," ते म्हणाले आणि त्यांनी पेन घेतलं.

मी अगदी जवळ उभी होते. त्यांनी सही केली. मग सवयीने हात खाली सरकला, जिथे ते शब्द लिहायचे तिथे. निब कागदाला टेकलं. मालक थोडा वेळ तसेच थांबले. मग त्यांनी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. त्या सहीखाली शाईचा एक ठिपका आहे, दुसरं काही नाही.

वकिलातीत ते कागद चालले आणि कमल दिवाळीआधी गेली. विमानतळावर मालकांनी तिच्या बॅगेची कडी ओढून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि ती आत गेल्यावर घड्याळाकडे बघत म्हणाले, "इमानात खरंच बसवलं असंल ना?" घरी आल्यावर निरांजन लावून उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागे वळून देवाकडे न पाहता चुलीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

पहिलं पत्र यायला लई दिवस लागले. म्हणजे मालकांना तसं वाटलं, ते दिवसभर ओट्यावर असायचे आणि पोस्टमनच्या पिशवीकडे बघायचे. अखेर ते आलं तेव्हा ते उघडून न बघता तसंच माझ्याकडे घेऊन आले. ते निळं पातळ पत्र त्यांनी उलटं धरलं होतं, पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून.

"बाई, हे अनुराधाचं हाय," ते म्हणाले. "हिला मी वळखत न्हाई. आत बघा."

मी कडा फाडून पत्र उघडलं आणि वाचायला लागले. विमान, थंडी, घर. जावई घ्यायला आले होते. पडदे शेजारच्या म्हाताऱ्या बाईने घर सोडून जाताना दिलेले. आणि खाली एक ओळ होती, की पुरण ते स्वतःच वाटतात, विजेवर चालणारं एक भांडं आहे, त्यात घातलं की होतं.

"असं भांडं असतंय व्हय?" मालक म्हणाले.

"असेल."

"फोटो धाडाया सांगा. भांड्याचा." मग ते ओट्याच्या कडेवर टेकले. "खाली सही कुनाची हाय, ते बघा."

मी पत्राचा शेवट त्यांच्यापुढे धरला. चष्मा त्यांचा घरातच राहिला होता. म्हणून मी वाचलं, "तुमची कमल."

"कमल लिवलंय?"

"हो. कमल."

"मग बरोबर," मालक म्हणाले. त्यांनी पत्र घेतलं, घडी घातली आणि कनवटीला, पूर्वी आमची किल्ली असायची तिथे, खोचून ठेवलं.